जामनेरला आजच फूल पोचवायचे तर



वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली तिचा पाया घातला, आणि तेव्हापासून गावोगावी ऐन उन्हाळ्यात माणसे संध्याकाळी जमतात, दोन घटका नवे काही ऐकतात आणि घरी जाताना त्यावर वाद घालतात. अशा मालेत इतिहासावर, अर्थकारणावर, आरोग्यावर बोलणारे पुष्कळ असतात. कामगार संघटनेचे काम करणाऱ्याने फुलांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि बाजाराच्या आवारात हमाल मंडळींच्या सोबतीने. त्या शिक्षणाने एक खोड लावली. समोर कोणतीही वस्तू आली, की ती किती हातांतून आली हे विचारल्याशिवाय आम्हांस राहवत नाही. आज ही खोड आम्ही एका फुलांच्या गुच्छावर चालवणार आहोत.

प्रश्न असा. आपल्या जामनेरातली किती तरी मुले आज पुण्यामुंबईला नोकरीस आहेत, काही समुद्रापलीकडे आहेत. समजा, अशाच एका मुलाच्या आईला आज पंच्याहत्तरावे वर्ष लागले. रजा मिळत नाही. साडी टपालाने चार दिवसांत पोचेल, पण वाढदिवस आज आहे. मोबाइलवरच्या दुकानात तो सकाळी पैसे भरतो, आणि सूर्य मावळण्यापूर्वी आईच्या दारात गुलाबाचा गुच्छ येतो. आई चकित होते. मुंबईहून इतक्या लवकर आणि इतके ताजे फूल आले कसे?

उत्तर सोपे आहे. ते मुंबईहून आलेच नाही. फूल इथलेच होते, मुंबईहून आला तो फक्त शब्द. या धंद्याची सारी युक्ती या एका वाक्यात आहे आणि त्याचा सारा दोषही याच वाक्यात आहे. युक्ती आधी समजून घेऊ, दोषाकडे मग वळू.

फूल स्वतः प्रवास का करीत नाही, हे प्रथम पाहू. आपण खानदेशची माणसे मालाच्या वाहतुकीत मुरलेली आहोत. आपला कापूस गाठी बांधून महिनोन् महिने गोदामात बसतो, भाव आला की निघतो. आपली केळी हिरवी, कच्ची कापतात. रावेर-सावद्याकडून ती दिल्लीपर्यंत जाते आणि तिथे पिकवली जाते, म्हणजे प्रवास संपल्यावर तिचे खरे आयुष्य सुरू होते. फुलाचे तसे नाही. बहुतेक फुले उमलण्याच्या बेतात असताना किंवा उमलल्यावर तोडावी लागतात. तोडलेले फूल मेलेले नसते, ते श्वास घेत असते. मात्र मुळाशी संबंध तुटल्यामुळे त्याची शिदोरी देठापाकळ्यांत साठलेल्या साखरेपुरतीच असते. ती जितक्या लवकर संपेल तितक्या लवकर फूल मान टाकील.

ही शिदोरी किती लवकर संपते, हे उष्णतेवर अवलंबून आहे. हवा दहा अंशांनी तापली की फुलाचा श्वास साधारण दुप्पट-तिप्पट वाढतो, असा वनस्पतिशास्त्राचा हिशेब आहे. गुलाबाची फुले दोन ते चार अंशांच्या थंडाव्यात ठेवतात, ती कित्येक दिवस टिकतात. तीच फुले चाळीस अंशांत ठेवली तर संध्याकाळ पाहणे कठीण. आणि आपल्याकडे वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, हे इथे पंख्याखाली बसलेल्यांस सांगायला नको. दुसरे संकट पाण्याचे. देठ कापल्याबरोबर त्याच्या नळ्यांत हवा शिरते आणि पुढे पाणी चढत नाही. म्हणून जाणता फुलवाला देठाचे टोक पाण्यात बुडवून पुन्हा तिरपे कापतो आणि मगच गुच्छ बांधतो. घरी आलेल्या गुच्छाला आपणही हाच उपचार करावा, दोन दिवस अधिक मिळतात.

तिसरे संकट आपल्या जिल्ह्याच्या ओळखीचे आहे. पिकणारे फळ एक वायू सोडते, त्यास इथिलीन म्हणतात. केळी पिकवण्याच्या खोल्यांत हाच वायू वापरतात. दिव्याच्या वायूत झाडांवर परिणाम करणारा हाच घटक असल्याचे नेल्युबोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९०१ साली दाखवले. पुढे १९०८ साली अमेरिकेत क्रॉकर आणि नाइट यांनी सिद्ध केले, की या वायूचा अंश हवेत असला तरी कार्नेशनची फुले उमलायची थांबतात आणि उमललेली मिटतात. आता विचार करा. ज्या खोलीत केळीचे घड पिकत आहेत, त्याच खोलीत किंवा त्याच टेम्पोत फुलांची पेटी ठेवली, तर केळी पिकेल आणि फूल म्हातारे होईल. गंमत अशी, की त्याच केळीचे पान मात्र फुलाचा मित्र आहे. ओल्या केळीच्या पानात बांधलेली पुडी गार राहते, आणि केळीच्या सोपाचा ओला दोरा गजऱ्याला कापत नाही. आपल्या आज्यांनी इथिलीनचे नाव ऐकले नव्हते, पण देवघरातली परडी पिकल्या केळ्यांपासून दूर ठेवावी हे त्यांना हाताने ठाऊक होते.

आता अंतर पाहा. मुंबई ते जळगाव रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. दादरचा फुलबाजार पहाटे, अंधारातच भरतो. तिथे आलेली फुले आदल्या दिवशी नाशिक, पुणे, सातारा या भागांत तोडलेली असतात. तिथून उचलून गाडीत घातली तर सहा-आठ तासांनी जळगाव, आणि पुढे उन्हातून सडकेने जामनेर. आपल्याकडे पाचोऱ्याहून येणारी लहान रुळांची गाडी होती. १९१८-१९ साली सुरू झालेली ही ‘पीजे’ सुमारे ५६ किलोमीटर धावत असे, धावत म्हणण्यापेक्षा चालत असे. तीन पिढ्यांनी तिच्यातून शाळा, बाजार, सासर-माहेर केले. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली, आणि त्यानंतर तो मार्ग रुंद करण्याचे ठरले. म्हणजे आज मुंबईच्या फुलाला जामनेरला यायचे तर शेवटचा टप्पा मोटारीचाच. तोपर्यंत त्या फुलाला तोडून दीड दिवस झालेला असणार. त्यास ताजे म्हणणे म्हणजे कालच्या भाकरीस गरम म्हणणे होय.

मग युक्ती निघाली ती अशी. वस्तू नेऊ नये, वस्तूचा हुकूम न्यावा. ही कल्पना आपल्या पेढीवाल्यांना नवी नव्हती. हुंडी म्हणजे दुसरे काय? जळगावच्या पेढीवर पैसे भरायचे आणि इंदूरच्या पेढीवर ते मिळायचे, रस्त्याने एकही नाणे जायचे नाही. टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली, तिचेही तत्त्व हेच. मुंबईच्या गिरणीतला कामगार खिडकीवर रुपये देई, आणि गावाकडे पोस्टमन वेगळेच रुपये आईच्या हातावर ठेवी. नोटा वेगळ्या असल्या तरी माया तीच असे.

फुलांच्या बाबतीत हा उपयोग पहिल्याने जर्मनीत झाला. बर्लिनचे एक फुलवाले माक्स ह्यूबनर यांनी १९०८ साली निरनिराळ्या शहरांतील फुलवाल्यांची एक मंडळी उभी केली. एकाने मागणी घ्यावी, दुसऱ्याने ती आपल्या गावी पुरी करावी आणि हिशेब मागाहून मिटवावा, असा करार. पुढे तिचे नाव फ्लोरोप झाले. १९१० साली अमेरिकेतील फुलवाले एकत्र आले आणि त्यांनी तारेने फुले पोचवणारी संस्था काढली. तिच्या नावातच ‘टेलिग्राफ’ हा शब्द होता. १९२३ साली ही पद्धत ब्रिटनमध्ये आली, आणि तिथल्या संस्थेचे इंटरफ्लोरा हे नाव पुढे जगभर झाले. मागणी तारेने जाई म्हणून लोक म्हणू लागले, की फुले तारेने जातात. आपल्याकडेही तारघरात अभिनंदनाच्या ठराविक वाक्यांना क्रमांक असत. क्रमांक सांगितला की दूर गावी वाक्य उमटे. २०१३ च्या जुलैत आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. तारेची जागा मोबाइलने घेतली, फुलांची युक्ती मात्र शंभर वर्षांपूर्वीचीच राहिली.

आणि खरे बोलायचे तर ‘त्याच दिवशी पोच’ ही गोष्ट आपल्याला कोणी परक्याने शिकवलेली नाही. पुण्यामुंबईच्या वाड्यांत नि चाळींत पहाटे दाराच्या कडीला फुलपुडी अडकवलेली असे. पळसाच्या किंवा केळीच्या पानात दोन जास्वंदी, चार झेंडू, तुळस, दूर्वा. हिशेब महिन्याचा. पुडी टाकणारा दिसतही नसे, पण देवपूजेच्या वेळेस ती हजर असे. रोजच्या रोज, तोडल्यापासून दोन-तीन तासांत, पैसे मागाहून. आजच्या कोणत्याही कंपनीने याहून अधिक काही करून दाखवलेले नाही. फरक एवढाच, की पुडीवाला आणि घर एकाच पेठेत होते. आता मागणी देणारा एका टोकाला आणि दार दुसऱ्या टोकाला आहे.

आता जामनेरची मागणी कशी फिरते ते पाहू. मुलाने मोबाइलवर गाव निवडले, पत्ता लिहिला, पिनकोड घातला. हा पिनकोड १९७२ च्या १५ ऑगस्टला देशात लागू झाला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. आपल्या भागाचे क्रमांक ४२ ने सुरू होतात. पण पिनकोड टपाल्यासाठी केला आहे, फुलवाल्यासाठी नव्हे. एका क्रमांकाखाली शहर असते आणि भोवतालची खेडीही असतात. शहरातील कंपनीच्या यंत्राला हे सारे एकच दिसते. म्हणून जामनेरच्या नावाने घेतलेली मागणी प्रत्यक्षात दहा-बारा किलोमीटरवरच्या वस्तीची निघते, आणि पोचवणाऱ्या मुलाचे पेट्रोल त्याच्याच खिशातून जाते. पत्त्यासोबत गल्ली, देऊळ किंवा शाळा यांपैकी एखादी खूण आणि घरातल्या माणसाचा फोन दिला, तर निम्मा घोटाळा तिथेच मिटतो.

कंपनीकडून मागणी जाते ती बहुधा जिल्ह्याच्या गावी, जळगावच्या एखाद्या दुकानाकडे, किंवा सरळ जामनेरच्या फुलवाल्याकडे. जळगावहून जामनेर सडकेने तासाभराच्या वाटेवर आहे. जळगावजवळ शिरसोलीच्या परिसरात फुलशेती आहे, शिवाय ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी झेंडू, शेवंती, निशिगंध, गुलाब लावलेले असतात. जरबेरासारखे नाजूक फूल जाळीच्या घरात वाढवतात. दुकानदार सकाळी हा माल घेतो. मोबाइलवरच्या चित्रात लांब दांड्याचे लाल गुलाब असतात. दुकानात त्या दिवशी गावठी गुलाब आणि शेवंती असते. दुकानदार चित्राजवळ जाण्याचा प्रयत्न करतो आणि उरलेली जागा हिरव्या पाल्याने व चकचकीत कागदाने भरतो.

इथेच आम्ही मघाशी म्हटलेला दोष उघडा पडतो. बाजारात आपण भाजी घेतो तेव्हा पैसे देणारा आणि माल पाहणारा एकच असतो. वांगे किडके निघाले तर तो तिथेच फेकतो. या धंद्यात ज्याने पैसे दिले तो गुच्छ पाहत नाही, आणि जी गुच्छ पाहते तिला किंमत ठाऊक नसते. मुलगा रात्री फोन करतो, ‘आई, फुलं मिळाली का?’ आई म्हणते, ‘मिळाली रे बाबा, फार छान आहेत!’ बारा गुलाब सांगितले होते आणि सात आले, हे ती कशाला सांगेल? तिने मोजलेच नसतात. मायेपोटी तक्रार होत नाही, आणि तक्रार होत नाही म्हणून लबाडी चालून जाते. आम्ही असे म्हणत नाही, की सारे दुकानदार लबाड आहेत. आमचे म्हणणे असे, की ज्या व्यवहारात तपासणारा डोळाच नाही, त्यात प्रामाणिक माणसाला त्याच्या प्रामाणिकपणाचा मोबदला मिळत नाही.

आणि जिथे माल दिसत नाही तिथे मालामागचे हात तर मुळीच दिसत नाहीत. हे हात कोणते? पहिला हात तोडणारणीचा. मोगऱ्याची कळी उमलण्यापूर्वी, पहाटे खुडावी लागते, तेव्हा ती संध्याकाळी वेणीत उमलते. हे काम बहुधा बाया करतात, आणि मजुरी दिवसावर नव्हे तर वजनावर मिळते. किलोभर कळ्या म्हणजे किती हजार वेळा वाकणे, याचा हिशेब वजनकाटा करीत नाही. दुसरा हात माळणारणीचा. हार, गजरे, तोरणे पुष्कळदा घरी बसून, नगावर केली जातात, मुले शाळेतून आली की तीही दोरा धरतात. तिसरा हात ओझे उचलणाऱ्या हमालाचा. चौथा दुकानातल्या पोराचा, जो देठ कापतो आणि पाणी बदलतो. पाचवा त्या मोटरसायकलवाल्याचा, जो भर दुपारी गुच्छ एका हाताने सावलीत धरून दुसऱ्या हाताने गाडी चालवतो. त्याने उशीर केला तर फूल मान टाकते, आणि मग त्याचीही मान खाली जाते.

समजा, मुलाने हजार रुपये भरले. अमेरिकेतील जुन्या फुलवाल्यांच्या संस्थेत मागणी घेणारे दुकान परंपरेने पाचवा हिस्सा ठेवी, आणि मध्यवर्ती संस्थाही आपला भाग घेई. म्हणजे बांधणाऱ्या दुकानाकडे तीन-चतुर्थांशाच्या आतबाहेर रक्कम येई. तिथे निदान दोन्ही दुकाने एकाच मंडळीची सभासद होती आणि आज घेणारे उद्या देणारे होते. आपल्याकडे मागणी दोन-तीन हातांतून उतरत आली, आणि प्रत्येकाने आपला हिस्सा आधी काढून घेतला, तर शेवटच्या दुकानदारापाशी पाचशे-सहाशे उरले असे धरू. त्यातून त्याला फुले, कागद, दुकानभाडे आणि पोचवण्याचा खर्च भागवायचा आहे. तो काय करील? फुले कमी करील किंवा मजुरी कमी करील. बहुधा दोन्ही करील. हे त्याच्या स्वभावातून येत नाही, हिश्शाच्या क्रमातून येते. ज्याने शब्द घेतला तो आधी घेतो, आणि ज्याने शब्द पाळला त्याला उरलेले मिळते.

नाशवंत मालाचा एक नियम कामगार चळवळीत आम्ही नेहमी पाहत आलो. माल थांबत नसेल तर त्याचा मालक शेतकरी दुबळा होतो, कारण आज विकले नाही तर उद्या फेकावे लागते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाजाराच्या कडेला पडलेले झेंडूचे ढीग कोणी पाहिले नाहीत? आदल्या सकाळी ज्याला भाव मिळाला, त्याच शेतातला तोच झेंडू. मालाची ही घाई मग खालच्या माणसावर ढकलली जाते. ‘आजच पोचले पाहिजे’ हे वाक्य वरून खाली येताना हुकूम होत जाते, आणि शेवटी ते मोटरसायकलवाल्याच्या अंगावर पडते.

यावर उपाय आहे का? आम्ही कल्पनेतले बोलत नाही, महाराष्ट्राने केलेलेच सांगतो. बाजारातील हमालाला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या गाळ्यावर. मग भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा, आजारपणाची रजा कोणी द्यायची? ‘मालक नाही म्हणून हक्क नाही’ असे उत्तर त्याला पिढ्यान् पिढ्या मिळत आले. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार उभे राहिले, आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्याची रचना साधी आहे. मालकांनी आणि हमालांनी मंडळाकडे नोंद करायची. मालकांनी मजुरी आणि तिच्यावर ठराविक लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची, आणि लेव्हीतून निधी, उपदान, औषधोपचार पाहायचा. मालक अनेक असले तरी हक्क एकत्र बांधता येतो, हे या राज्याने देशाला दाखवले. अंमलात उणिवा आहेत, आम्ही त्यांच्याशी भांडतच असतो. पण तत्त्व खणखणीत आहे.

आज मोबाइलवरच्या कंपन्यांसाठी माल पोचवणारा तरुण त्याच हमालाचा धाकटा भाऊ आहे. त्याचा मालक तर दिसतही नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांना पहिल्यांदा नाव दिले, आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावेत अशी तरतूद केली. २०२३ साली राजस्थानने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण जामनेरसारख्या गावी शेवटचा टप्पा कंपनीचा माणूस क्वचितच करतो, तो करतो दुकानदाराचा पोऱ्या किंवा दुकानदार स्वतः. लहान दुकानांना दुकान-कायद्याच्या बहुतेक तरतुदी लागू होत नाहीत. म्हणजे नवा कायदा त्याच्या वरून जातो आणि जुना त्याच्या बाजूने. ही फट बुजवायची तर माथाडी मंडळाच्या धर्तीवर प्रत्येक मागणीमागे काही पैसे बाजूला काढण्याची सोय हवी, मग पोचवणारा कोणाचाही असो.

काही मंडळी विचारतील, मग मधली कंपनी हवीच कशाला? याचे उत्तर आम्ही सरळ देतो. अनोळखी माणसांत विश्वास उभा करणे हेही काम आहे आणि त्यालाही मोल आहे. शिकागोत बसलेल्या मुलाला जामनेरचा फुलवाला ठाऊक नाही, आणि फुलवाल्याला डॉलर घेता येत नाहीत. ती गाठ कोणी घालत असेल तर त्याने आपला मोबदला जरूर घ्यावा. पण गाठ घालणाऱ्याने दोन्ही टोके झाकून ठेवू नयेत. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० पासून आहेत. माल प्रत्यक्ष विकणाऱ्याचे नाव व पत्ता ग्राहकाला कळले पाहिजेत, तक्रार अठ्ठेचाळीस तासांत नोंदली गेली पाहिजे आणि महिन्याभरात तिचा निकाल लागला पाहिजे, असे ते सांगतात. फुलाच्या पोचेसोबत बांधणाऱ्या दुकानाचे नाव आणि फुलांची संख्या लिहिलेली एक चिठ्ठी आली, तर आईला मोजता येईल आणि मुलाला विचारता येईल. एवढ्या कागदाच्या चिटोऱ्याने या धंद्यातला निम्मा अंधार जाईल.

आता ग्राहक म्हणून आपण काय करू शकतो ते थोडक्यात सांगतो. आपल्या मुलांना हे पत्राने वा फोनने कळवावे. पहिली गोष्ट, मागणी आदल्या रात्री द्यावी. ‘त्याच दिवशी’ याचा अर्थ फूल त्याच दिवशीचे असावे असा घ्यावा, मागणीही त्याच दिवशीची असलीच पाहिजे असे नाही. परदेशातल्यांना हे अधिक सोपे आहे. जामनेरला सकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात शिकागोला आदल्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तिथे जेवण करून दिलेली मागणी इथे दुकान उघडताना हजर असते. दुसरी गोष्ट, फुलांची जात दुकानदारावर सोपवावी, फक्त ताजेपणा आणि संख्या सांगावी. चैत्र-वैशाखात मोगरा मागावा, पावसाळा सरता सरता शेवंती मागावी. जे जवळ पिकते तेच ताजे असते. तिसरी, उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार या वेळेत पोच मागू नये. त्या वेळी फूलही सोसत नाही आणि माणूसही. सकाळ किंवा संध्याकाळ सांगावी. चौथी, आखाजी, कानबाई, दसरा, लग्नाची दाट तिथ या दिवशी गुच्छाची घाई करू नये. त्या दिवशी गावातले सारे हात हारातोरणांत गुंतलेले असतात. पाचवी, शक्य असेल तर एकदा सुट्टीत येऊन गावच्या फुलवाल्याशी ओळख करून घ्यावी आणि पुढे सरळ त्याला फोन करावा. पैसे आता मोबाइलवरून क्षणात जातात. हुंडीची पेढी तेव्हा आपल्याच ओळखीची होते.

शेवटी एक आक्षेप उरतो. दुष्काळ, बेकारी, कापसाचा भाव हे प्रश्न असताना फुलांची चैन कसली? आम्ही हे मान्य करीत नाही. मनीऑर्डरीच्या तळाशी दोन ओळी लिहायला जागा असे. मुंबईचा गिरणी कामगार पैशांइतकाच त्या दोन ओळींसाठी खिडकीवर उभा राहत असे. दूर गेलेल्या लेकराला ‘मी आहे’ असे म्हणायचे असते. आज तो हे फुलाने म्हणतो. त्यात चैन नाही, गरज आहे. फक्त ते म्हणताना मध्ये जे पाच हात राबले, त्यांनाही त्यांचे देणे मिळावे. आईच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या मोटरसायकलवाल्याला तिने फूल घेताना पाणी विचारावे, एवढे आपण आजपासून करू शकतो. बाकीचे कायद्याने करून घ्यायचे आहे, आणि ते संघटना केल्याशिवाय होत नाही.